नव्या साहेबांचा शेरा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरला की सरकारी कचेऱ्यांत बदल्यांचा धुरळा खाली बसतो. महाराष्ट्राच्या 2005च्या बदल्यांच्या कायद्यानं एका जागी साधारण तीन वर्षं आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मेमध्ये, असं ठरवून दिलंय. म्हणजे जूनमध्ये कुठल्या ना कुठल्या टेबलामागे नवे साहेब किंवा नव्या मॅडम आल्याच. मग पुष्पगुच्छ आले. तो चकचकीत कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ कुणी काढला कोण जाणे! दुसऱ्या दिवशी शिपाई तो जिन्याखाली टाकतो. त्यापेक्षा एक गुलाब द्या, नाहीतर काहीच देऊ नका. असो.

तर साहेब कडक निघाले तर काय करायचं? मी एकच सांगणार आहे. साहेबांना धास्ती कशाची आहे, ते आधी शोधा.

आमच्या कचेरीत असेच एक साहेब आले. मी तेव्हा लेखाशाखेत होतो. वेळ झाली की साहेब हजेरीपट स्वतःच्या टेबलावर ओढून घ्यायचे. कुठलीही फाईल आत गेली की परत यायची आणि टिपणीच्या समासात हिरव्या शाईत दोनच शब्द असायचे: "चर्चा करा."

आम्ही काय करायचो? चर्चा सोडून सगळं. टिपणी पुन्हा टाईप करायची, आणखी जोडपत्रं लावायची, फाईल वर. ती पुन्हा खाली. पुन्हा "चर्चा करा", आता शब्दांखाली दोन रेघा. वाहनभाड्याचं एक बिल तर इतकं खालीवर झालं की गाडीवाला रोज दारात उभा. कँटीनमध्ये साहेबांचं नाव पडलं, चर्चासाहेब.

आवक-जावक बघणाऱ्या आमच्या बाई निवृत्तीला आलेल्या. त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. ते बिल घेऊन त्या सरळ केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, चर्चेला आलेय."

आम्ही बाहेर कान देऊन. आत सगळं चिडीचूप. मग आवाज आला, "बसा." नंतर बराच वेळ नुसती पानं उलटल्याची सळसळ.

बाई बाहेर आल्या त्या सहीशिवाय, पण बातमी घेऊन. आधीच्या कचेरीत साहेबांच्या सहीनं एकच बिल दोनदा निघालं होतं. ऑडिटमध्ये ते सापडलं, साहेबांच्या पगारातून वसुली लागली आणि ती अजून चालू होती. आता त्यांना टिपणीत एकच ओळ हवी होती. हे देयक यापूर्वी अदा केलेले नाही. नोंदवही तपासून, तिचा पान क्रमांक घालून.

"एवढंच होतं तर शेऱ्यात लिहायचं ना!" आमचे अव्वल कारकून करवादले.

बाई म्हणाल्या, "स्वतःची वसुली कुणी समासात लिहितं का?"

खरं तर बाईंनी ते आम्हाला सांगायला नको होतं. पण सांगितलं. आणि ती ओळ घालून फाईल आत गेली, ती चहा यायच्या आत सही होऊन आली. चहाही काचेच्या पेल्यातला बरं का. कागदी कप आले आणि चहाची चवच गेली. साहेब पुढे गोड झाले असं मात्र समजू नका. हजेरीपट शेवटपर्यंत त्यांच्याच टेबलावर होता.

म्हणून पुन्हा सांगतो, धास्ती कशाची ते शोधा. कुणाला ऑडिटची असते, कुणाला वरून येणाऱ्या फोनची, खासगी कंपनीत महिनाअखेरच्या टार्गेटची. आणि कुणाला, आपल्याला हे काम येत नाही हे उघडं पडेल याची. ती सगळ्यात चिवट.

साहेबांनी काम तोंडी सांगितलं, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवा: आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करत आहे. कागदावर किंवा ईमेलवर. सरकारी नोकरीत असाल तर गोपनीय अहवालातला शेरा तुम्हाला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलंय. तो मागून घ्या.

पण साहेबांची वागणूक घाणेरडी असेल, बाईमाणसाशी लगट असेल, तर कसली धास्ती शोधत बसू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या जागी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार लेखी द्या, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्या आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवा, ऑफिसच्या खणात नको. नमस्कार.