तिसऱ्या रांगेतला माणूस

(दृश्य : भरलेलं प्रार्थनागृह. पाठमोऱ्या माणसांच्या रांगा. एका सुरात चाललेलं पठण.)

तिसऱ्या रांगेतल्या त्या माणसाकडे बघा. चेहरा पांढराफटक पडलाय, कपाळावर घाम आहे. समोरच्या बाकाची कड त्याने घट्ट धरून ठेवली आहे. शेजारच्याचे डोळे मिटलेले. पठण चालू आहे.

मग एक आवाज येतो. जाड पुस्तक हातातून निसटावं तसा.

आता पुढची दहा सेकंदं. पहिल्या रांगेतला एक जण मान वळवतो आणि चूक झाल्यासारखी लगेच सरळ करतो. मागच्या बाई अर्धवट उठतात, इकडेतिकडे पाहतात, पुन्हा टेकतात. पठण करणाऱ्याचा आवाज एका शब्दावर अडखळतो आणि तसाच पुढे जातो. इथे दुष्ट कोणीच नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचतोय : हे गंभीर आहे का? मी उठू का? मी उठलो तर कसं दिसेल?

आपली गोष्ट या दहा सेकंदांची आहे.

(दृश्य : शरीराचं रेखाचित्र. पायांकडे उतरणारं रक्त.)

प्रार्थनेत माणसं कोसळतात याचं फारसं नवल वाटायला नको. दाटीवाटी, कोंदट हवा, धूप आणि मेणबत्त्यांचा धूर, रिकामं पोट आणि बराच वेळ न हलता उभं राहणं. चक्कर यायला जे जे लागतं ते सगळं इथे एका छपराखाली जमलेलं असतं. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त छातीतून खाली, पोटात आणि पायांत उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते पिळून वर ढकलतात. निश्चल उभ्या भाविकाच्या पोटऱ्या मात्र स्वस्थ असतात. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे जातं. म्हणजे पडण्यातच अर्धा उपचार होऊन जातो.

नेमका तोच आपण हाणून पाडतो. दोघं जण धावत येतात, बगलेत हात घालतात, "काका, उठा, उठा" म्हणत त्यांना खुर्चीवर बसवतात आणि मान लटकू नये म्हणून तिसरा डोकं धरून ठेवतो. काकांना तसंच आडवं राहू दिलं असतं, पाय थोडे उचलून धरले असते, तर साधी भोवळ एखाद्या मिनिटात ओसरली असती. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वेळीच जाणवलं तर आणखी एक युक्ती आहे : पाय एकमेकांत अडकवून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट वळायच्या. रक्तदाब थोडा सावरतो. रांगेत उभ्या उभ्या, कोणाला न कळता हे करता येतं. सगळ्यांत सोपं म्हणजे खाली बसणं. पण सगळे उभे असताना आपण एकट्याने बसायचं, हे कित्येकांना पडण्यापेक्षा अवघड वाटतं.

आणि हो, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. पवित्र पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत उतरू शकतं.

(दृश्य : पठणाचा आवाज विरत जातो. घड्याळाची टिकटिक.)

प्रत्येक पडणं इतकं निरुपद्रवी नसतं.

कधी माणूस हाकेला ओ देत नाही. खांदे हलवले तरी नाही. छाती वरखाली होत नाही. किंवा मधेच घोरल्यासारखा एखादा आचका येतो, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी तोंडाची उघडझाप होते. भोवतीच्यांपैकी कोणीतरी हायसं वाटून म्हणतं, "श्वास चालू आहे!" तो श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर मेंदूच्या तळाशी उरलेली ती धडपड असते. सुरुवातीला काही वेळा हातपायही झटकले जातात आणि लोक समजतात, फिट आली. या दोन गैरसमजांत जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. एवढ्यात रुग्णवाहिका दाराशी उभी राहिली तर नशीबच म्हणायचं. तोवरची मिनिटं रांगेतल्या माणसांच्या हातात असतात.

हातात, हे शब्दशः. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिलं की छाती न उघडता, नुसती वरून दाबूनही थांबलेल्या हृदयातून रक्त पुढे ढकलता येतं. कौवेनहोवन तर डॉक्टरही नव्हते, विद्युत अभियंते होते. यासाठी लागतात ते फक्त दोन हात, असं त्यांनी लिहिलं. छातीच्या मधोमध तळहात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हे काम भयंकर दमवणारं आहे. दोन मिनिटांत दाब उथळ पडू लागतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. घरात एकट्यादुकट्याला हे फार वेळ जमत नाही. प्रार्थनागृहात शेकडो हात आहेत.

मग ते पुढे का येत नाहीत?

(दृश्य : जुन्या हस्तलिखितांची पानं.)

"उपासना मोडायची कशी?" या प्रश्नाचं उत्तर धर्मपरंपरांनी फार पूर्वी देऊन ठेवलंय. ज्यू धर्मात शब्बाथचे, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, निर्बंध कडक, पण जीव वाचवायचा असेल तर ते बाजूला सारायचे, असा नियम आहे. जेरुसलेमचा तालमूद हा ज्यूंचा जुना धर्मग्रंथ याबाबतीत भलताच रोखठोक आहे : अशा वेळी जो त्वरा करतो तो स्तुतीला पात्र, जो परवानगी विचारत बसतो तो रक्त सांडतो, आणि ज्याला विचारावं लागतं तो धर्मगुरू निंदेला पात्र. धर्मगुरूचं काय चुकलं? भाष्यकार सांगतात, त्याने हे आपल्या मंडळींना आधीच शिकवून ठेवायला हवं होतं.

इस्लामी धर्मशास्त्रात नेहमीचं उदाहरण आहे ते विहिरीच्या काठाशी चाललेल्या आंधळ्याचं. नमाज पढणाऱ्याला तो दिसला तर नमाज तोडून त्याला वाचवणं हे कर्तव्य ठरतं. इमामच कोसळला तर काय, याचीही सोय आहे : मागच्या रांगेतून एक जण पुढे होतो आणि नमाज पूर्ण करतो. ६४४ साली मदिनेत पहाटेच्या नमाजात खलिफा उमर यांच्यावर खंजिराचे वार झाले, तेव्हा अब्दुर्रहमान इब्न औफ यांनी पुढे होऊन नमाज थोडक्यात आटोपली. कॅथलिक परंपरेच्या जुन्या नियमांत तर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना पाद्री बेशुद्ध पडला तर ती कुठल्या टप्प्यावर थांबवायची आणि कुठल्या टप्प्यानंतर दुसऱ्या पाद्रीने पूर्ण करायची, हे लिहूनच ठेवलेलं होतं. आणि रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ आपल्याला कोणी नव्याने सांगायला नकोत.

परवानगी सगळीकडे आहे. तरी ती दहा सेकंदं जातातच.

१९७३ साली प्रिन्स्टनच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डार्ली आणि बॅटसन ही त्यांची नावं. त्यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींना तिथे बायबलमधल्या भल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तावर बोलायचं होतं. जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची ती गोष्ट. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने काही विशेष फरक पडला नाही. काही जण तर त्या दृष्टान्तावर बोलायला निघाले होते आणि त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

हसण्यासारखं आहे, पण हसू येत नाही. ती मुलं वाईट नव्हती. त्यांच्या डोक्यात पुढचा कार्यक्रम होता. सामूहिक उपासनेलाही क्रम असतो, आणि आपल्यामुळे त्यात खंड पडू नये ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. पडलेल्याच्याही.

(दृश्य : कॅसिनोतले दिवे. छतावरचे कॅमेरे.)

आता जरा अवघड ठिकाणी जाऊया. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना सीपीआर, म्हणजे वर सांगितलेलं छाती दाबणं, आणि एईडी वापरणं शिकवलं. एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं, सूचना बोलून सांगणारं छोटं यंत्र. २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. झटक्याने सुधारू शकेल अशा प्रकारे ज्यांचं हृदय बंद पडलं होतं त्या १०५ जणांपैकी ५३ टक्के जगून घरी गेले. कोसळल्यापासून ३ मिनिटांच्या आत ज्यांना पहिला झटका मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होतं.

जुगाराच्या टेबलाशी कोसळणं देवासमोर कोसळण्यापेक्षा सुरक्षित ठरावं, हे काही बरं नाही. पण कारण साधं आहे. तिथे कोणीतरी पगार घेऊन सतत बघत असतं. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

म्हणून ज्या मंडळींनी हा विषय मनावर घेतलाय, त्यांनी आधी डोळे उघडे ठेवणारा माणूस नेमलाय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अनेक चर्चमध्ये पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घातलेल्या बायका बाजूला उभ्या असतात. त्यांना चर्चच्या नर्स म्हणतात. सगळ्याच काही शिकलेल्या परिचारिका नसतात. गाण्याच्या भरात, भावावेशात कोणी कोसळलं की पंखा, रुमाल, पाणी घेऊन त्या आधी पोहोचतात. पुढे १९८४ साली ग्रेंजर वेस्टबर्ग या ल्यूथरन पाद्रीने शिकागोजवळ सहा प्रशिक्षित परिचारिकांना चर्चमंडळींशी जोडून दिलं आणि त्यातून एक चळवळच उभी राहिली. ज्यू वस्त्यांमधल्या हात्झोला या तातडीच्या वैद्यकीय मदतीच्या पथकाचे स्वयंसेवक शब्बाथलाही वायरलेस संच जवळ बाळगतात आणि हाक आली की प्रार्थनेतून उठून धावतात. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. सगळ्यांना माहीत असतं, तो कशासाठी उठला.

पांढऱ्या गणवेशातल्या बायकांना एक अवघड निवाडा रोजच करावा लागतो. हा देवाच्या ओढीने कोसळला, की हृदय बंद पडून? काही पंथांत भावसमाधीत जमिनीवर पडणं हा कृपेचा क्षण मानतात. तिथे धावून जाणं उद्धटपणाचं वाटू शकतं. मला विचाराल तर यात पेच नाही. जवळ बसा, हाक मारा, श्वास बघा. समाधीतल्या माणसाचा श्वास मोजल्याने समाधीचं काही बिघडत नाही. फिट आलेल्याचंही असंच : दाबून धरायचं नाही, दातांत चमचा घालायचा नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं आणि घड्याळ बघायचं. ५ मिनिटांहून लांबली तर रुग्णवाहिका.

(दृश्य : व्यासपीठावरचा ध्वनिक्षेपक.)

सभागृहात सगळ्यात मोठा अधिकार कोणाकडे असतो? ध्वनिक्षेपक हातात असलेल्याकडे. तोच सगळ्यांकडे तोंड करून उभा असतो, पडणारा माणूस बहुधा त्यालाच आधी दिसतो. त्याने पठण रेटलं, तर मंडळींना निरोप मिळतो : बसून राहा. त्याने थांबून म्हटलं, "तिसऱ्या रांगेत एकांना बरं वाटत नाहीये. निळ्या सदऱ्यातले दादा, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा. ताई, तुम्ही फाटकाशी उभ्या राहून त्यांना वाट दाखवा. बाकीचे खाली बसा," की गर्दीला हात-पाय फुटतात. "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. बोट दाखवावं लागतं.

उपासना थांबवावी की हलक्या आवाजात चालू ठेवावी, यावर मतं वेगळी आहेत. मंद सूर चालू राहिला तर घबराट होत नाही, असं काही जण सांगतात. असेल. पण एईडी बोलून सूचना देतं. त्या वेळी शांतता हवी. प्राचीन रोममध्ये नागरिकांची सभा भरलेली असताना कोणाला आकडी आली तर त्या दिवसाची सभाच बरखास्त होई, आणि त्यावरून त्या आजाराचं नावच सभेचा आजार असं पडलं. त्यांचं कारण अपशकुनाचं होतं. थांबणं मात्र बरोबर होतं.

थेट प्रक्षेपण चालू असेल तर कॅमेरा वळवणं हेही कोणाचं तरी काम असायला हवं. आणि पडलेली व्यक्ती बाई असेल, तर? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना, आणि स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना भोवतीच्यांकडून सीपीआर मिळाला. जिथे स्त्री-पुरुष वेगळे बसतात तिथे स्त्रियांच्या बाजूला ही कला येणाऱ्या स्त्रिया हव्यात, आणि त्या नसल्या तर पुरुषाने थांबू नये, हेही आधीच बोलून ठेवायला हवं.

(दृश्य : रुग्णवाहिकेचा आवाज दूर जातो. जमिनीवर एक चष्मा.)

रुग्णवाहिका गेली. कोणीतरी चष्मा उचलून रुमालात गुंडाळला. व्यासपीठावरच्यांचं बोट अजून त्याच ओळीवर आहे. ते वर बघतात, मंडळी वर बघतात. पठण पुन्हा सुरू होतं, थोडं खालच्या पट्टीत.

तिसऱ्या रांगेतल्या काकांना भोवळच आली होती. तीन आठवडे ते आले नाहीत. लाज वाटत होती. चौथ्या आठवड्यात आले आणि दाराजवळच्या टोकाला उभे राहिले. पठण लांबलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले.

शेजारचा मुलगा धडधाकट होता. तोही त्यांच्याबरोबर खाली बसला.