चार कार्डं आणि एक चेंडू

(हातात चेंडू) नमस्कार! हा चेंडू मी सरळ वर फेकते. गेला, गेला, अगदी टोकाला पोचला. त्या क्षणी त्याचं त्वरण किती?

शून्य म्हणालात ना? मी कॉलेजात फिजिक्स शिकवते; माझ्या एफवायच्या वर्गातही निम्मी मुलं शून्याच्याच पर्यायाचं कार्ड वर करतात. बारावीला याच धड्यावरची गणितं पाठ करून आलेली मुलं ही. अहो, शून्य झाला तो वेग. गुरुत्वाकर्षण थोडंच सुट्टीवर गेलंय? त्वरण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनं.

हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनाही हेच दिसलं होतं. अवघड गणितं चटकन सोडवणारी मुलं साध्या संकल्पनेवर अडखळत होती. मग 1991 मध्ये त्यांनी तासाची रीतच बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. साधारण 30 ते 70 टक्के मुलं बरोबर असली, की वाद खरा रंगतो. त्याहून कमी असली तर मुकाट्यानं पुन्हा शिकवायचं.

तिकडे उत्तरं नोंदवायला पुढे क्लिकर आले, म्हणजे पर्यायाचं बटण दाबायची रिमोटसारखी यंत्रं. माझ्याकडे ही चार कार्डं. (दाखवते) लाल, निळं, पिवळं, हिरवं; एकेका पर्यायाला एकेक रंग. क्लिकर आणि कार्डं यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात शिकण्यात फरक दिसला नाही, म्हणून मीही मनाला लावून घेत नाही. आमच्याकडे स्मार्ट बोर्ड आहे. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम आली की पुसतात.

खरी गोम वेगळीच आहे. नववीला शिकवायचं तर बी.एड. लागतं. कॉलेजात एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झाली की पुरे. सेटच्या पेपर एकमध्ये अध्यापनावर प्रश्न असतात, पण तेही पर्याय निवडायचेच! यूजीसीनं 1987 पासून प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रं काढली, आता ती मालवीय मिशनखाली आहेत. पण मी केलेली एक ऑनलाइन एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांचं प्रशिक्षण शिबिर, सांगते: कॅमेरा बंद, चॅटमध्ये ‘प्रेझेंट सर’, गॅसवर वरण. सर्टिफिकेट आलं, प्रमोशनच्या फायलीत लागलं.

मला शिकायचं होतं ते एवढंच, की चुकीचे पर्याय कसे लिहायचे. पाट्या टाकल्यासारखे नाहीत, मुलं खरोखर चुकतात तसे. ते मी शेवटी उत्तरपत्रिका तपासताना शिकले. मुलांच्या चुका एका वहीत उतरवते आणि त्यातलेच तीन पर्याय करते.

चेंडूचा ‘शून्य’ त्या वहीतलाच.