गोळी तीच, मग रायफल कुठली?

मागच्या महिन्यात चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकाने मला कोपऱ्यात घेतलं आणि बायकोला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात विचारलं, दादा, मार्लिन 1895 घ्यायचीय, एसबीएल घेऊ, गाइड गन घेऊ की ट्रॅपर? मार्लिन 1895 ही अमेरिकन लिव्हरची शिकारी रायफल, चापाजवळचा दांडा खाली-वर केला की पुढचं काडतूस आत जातं, आणि ही तिची तीन रूपं. उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सगळ्यांसमोरच बोलतो. ज्यांना शिकार पटत नाही त्यांनी बिनधास्त उठून जा, मला राग नाही, माझी आईसुद्धा अजून हा विषय निघाला की फोन बाबांकडे देते.

आधी काडतूस, कारण तिन्ही रायफलींत ते एकच आहे. .45-70 अमेरिकन सैन्याने 1873 साली घेतलं. नावातच सगळं आहे, .45 इंचाची गोळी आणि मागे 70 ग्रेन काळी दारू. मूळ गोळी 405 ग्रेनची, म्हणजे जुन्या मापात सव्वादोन तोळे शिसं. आपल्याकडे कोकणात ठासणीच्या बंदुकीत जी काळी दारू भरतात त्याच जातीची दारू, फक्त पितळी काडतुसात बंद केलेली. आता ती बिनधुराची झाली, काडतुसाचा आकार मात्र तोच राहिला.

मार्लिनची पहिली 1895 साधारण 1917 पर्यंत चालली आणि बंद पडली, मग 1972 मध्ये कंपनीने तेच नाव घेऊन आपल्या 336 मॉडेलच्या अ‍ॅक्शनवर, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेवर, नवी बनवली, आज आपण जी बघतो ती या दुसरीचीच पोरं. गंमत बघा, त्याच 1972 ला भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तिकडची शिकार आवरत गेली, आणि इथे वॉशिंग्टन राज्यात 1 जानेवारी 1972 नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स नाही. म्हणजे या खोलीतल्या जवळजवळ सगळ्यांना कोर्स करावा लागणार, तुम्ही पुण्यात एनसीसीत कितीही गोळ्या झाडलेल्या असल्या तरी.

आता आपण ही कुठे वापरणार? ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या आत शिकार अजिबात नाही, तो पार्क 1938 साली झाला तोच मुळात रूझवेल्ट एल्क या मोठ्या हरणांना वाचवायला. बाहेरच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये चालते. पश्चिमेच्या बाजूला आंबोलीची आठवण यावी असा पाऊस, कमरेएवढं नेचं, सगळीकडे शेवाळ, आणि तीनशे-चारशे किलोचा नर साठ-सत्तर यार्डांवर उभा असतो पण दिसतं फक्त एक कान. तिथे ही रायफल शोभते. पूर्वेला, याकिमाच्या उघड्या डोंगरांवर जायचं असेल तर ही घेऊच नका, आजची चांगली 325 ग्रेनची गोळी सेकंदाला 2050 फूट वेगाने निघते तरी 300 यार्डांवर दोन फुटांपेक्षा जास्त पडते. ती गोळी मऊ रबरी टोकाची का, तर मॅगझिन नळीचं आहे, काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं, तिथे कडक टोक म्हणजे कधीतरी नळीतच बार. म्हणून बाकीच्या गोळ्या चपट्या नाकाच्या असतात.

तर एवढं जंगल डोळ्यासमोर ठेवलं की प्रकारांचा गोंधळ बराच कमी होतो. एसबीएल म्हणजे स्टेनलेस, राखाडी लॅमिनेट दस्ता, साधारण 19 इंचाची नळी, वर स्कोप, म्हणजे दुर्बीण, बसवायची लांब रेल. गाइड गन तेवढ्याच नळीची पण काळ्या-निळ्या पॉलिशची, तपकिरी लॅमिनेट. ट्रॅपर 16 इंचाची, गाडीतून उतरताना, झुडपातून जाताना फार सुटसुटीत. वजनं तिन्हींची सव्वातीन किलोच्या आसपासच, म्हणजे 'हलकी म्हणून ट्रॅपर' हे बोलणं तसं खोटं आहे. तीन इंच नळी कमी झाल्याने वेग थोडा उतरतो, त्याने एल्कला काही फरक पडत नाही, फरक पडतो तुमच्या कानाला, आवाज आणि भडका दोन्ही तोंडाजवळ येतात. 1998 ला आलेल्या पहिल्या गाइड गनच्या नळीला तर पुढे भोकं पाडलेली असायची, धक्का कमी व्हावा म्हणून, आणि शेजारी उभा असलेला माणूस शिव्या द्यायचा.

आणि धक्का, त्यावर सगळं अडतं. हाच .45-70 वेगवेगळ्या ताकदीत मिळतो. सैन्याच्या जुन्या, कमी ताकदीच्या ट्रॅपडोअर बंदुका लोकांच्या घरात अजून आहेत, त्या फुटू नयेत म्हणून साधं फॅक्टरी काडतूस मुद्दाम सौम्य ठेवतात, 405 ग्रेन, 1330 फूट वेग, ते खांद्याला सहन होतं. मार्लिनसाठी भरलेली जड काडतुसं मात्र शिकारीच्या नेहमीच्या .308 काडतुसाच्या दीडपट-दुप्पट खांदा हाणतात. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, अलास्कात अस्वलासाठी लोक ठेवतात तसली काडतुसं आणली, त्यावर नळीला साजेसा म्हणून डोळा अगदी जवळ ठेवावा लागणारा स्कोप बसवला, आणि तिसऱ्या बाराला स्कोपच्या कडेने भुवईवर चंद्रकोर कोरली. तीन टाके. ऑफिसात सांगितलं कपाटाचं दार लागलं. त्यानंतर वर्षभर मी चाप ओढताना डोळे मिटायचो, आणि डोळे मिटणाऱ्या माणसाला एसबीएल काय आणि ट्रॅपर काय. म्हणून म्हणतो, जिचे वर्षाला शंभर बार तुम्ही हसत काढाल तीच रायफल तुमची, आणि त्यातले ऐंशी बार सौम्य काडतुसाचे असू देत.

जुनी घ्यायची हौस असेल तर नळीवर रिसिव्हरजवळ, म्हणजे यंत्रणेच्या पेटीजवळ, जेएम असा छाप बघा, तो कनेटिकटमधल्या नॉर्थ हेवनच्या कारखान्याचा. 2007 च्या शेवटी रेमिंग्टनने मार्लिन घेतली, 2011 ला तो कारखाना बंद करून काम न्यूयॉर्कमधल्या इलियनला नेलं, जुने कारागीर मागेच राहिले, आणि त्या सुरुवातीच्या रायफलींना लोक अजून 'रेमलिन' म्हणून नाकं मुरडतात. शेवटी शेवटी बऱ्याच सुधारल्या होत्या, पण नाव एकदा गेलं ते गेलं. 2020 ला रूगरने घेतली, आता नॉर्थ कॅरोलिनात बनते, नंबर आरएमने सुरू होतो, आणि माझ्या मते आज नवीच घ्यावी. जुनी घेतलीच तर पुढची माशी सरळ आहे का बघा, डमी काडतुसं घालून लिव्हर हळू आणि जोरात दोन्ही प्रकारे चालवा, लिव्हरने कॅरियर, म्हणजे काडतूस वर उचलणारा भाग, झिजवला असला की दोन काडतुसं एकदम आत येऊन अडकतात, त्याला मार्लिन जॅमच म्हणतात.

दुसऱ्या कंपन्यांच्या लिव्हर रायफलींत हेन्री चांगली, विंचेस्टर 1886 देखणी, हल्ली जपानात बनते, पण या विंचेस्टरचं रिकामं काडतूस वरून उडतं, स्कोप नीट बसत नाही. मार्लिनचं बाजूने उडतं. त्यावर अजून बोलत नाही.

एच-1बी वाल्यांनी एक लक्षात ठेवा, तुम्हाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स ही त्यातली एक सूट. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न नाही. राज्याचे नियम वेगळे, वकिलाला विचारा, मला नको.

आता कोपऱ्यातल्या प्रश्नाचं उत्तर. इथल्या पावसात तीन दिवस भिजायचं असेल तर एसबीएल, कारण पॉलिशची रायफल रोज संध्याकाळी पुसायचा आळस तू करणारच. लिव्हरचा लूप (बोटं घालायची कडी) मोठा आहे म्हणून हसू नकोस, जाड हातमोज्यातली बोटं त्यातच जातात. पहिलं वर्ष स्कोप नको, वरची घोस्ट रिंग, म्हणजे नेम धरायची मागची गोल कडी, वापर. पैसे वाचवायचे असतील तर गाइड गन आणि तेलाची बाटली. आणि 2024 पासून इथे दुकानदाराने पार्श्वभूमी तपासणी मागितल्यावर दहा कामकाजाचे दिवस थांबूनच रायफल हातात मिळते, तेवढ्या दिवसांत घरी सांगून टाक.