अळंबीचा अर्क: पाण्यात काय उतरतं, अल्कोहोलमध्ये काय

(दृश्य: वाळलेली शिताके अळंबी, अगदी जवळून)

हा शिताकेचा वाळलेला तुकडा. बोटांत धरून मोडला की कट्‌कन तुटतो. ताज्या अळंबीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडालं की एवढंसं उरतं.

सूक्ष्मदर्शकाखाली यात एकमेकींत गुंतलेल्या बारीक नळ्या दिसतात. त्यांच्या भिंतींत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. ते आपल्याला धड पचत नाही. आणि ज्या बीटा-ग्लुकानसाठी, म्हणजे लांब साखळीच्या एका शर्करेसाठी, हा सगळा खटाटोप चालतो, ते याच भिंतीत कायटिनला जखडलेलं असतं. त्यामुळे अळंबी नुसती दळून कॅप्सूलमध्ये भरली, तर त्या पुडीला अर्क म्हणता येत नाही.

(दृश्य: पातेल्यातला तपकिरी काढा)

भिंत सैल करायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे गरम पाणी. पुडीच्या दहा-वीस पट पाणी घेतात, ते उकळीच्या जरा खाली ठेवतात आणि दोन-तीन तास शिजू देतात. गाळल्यावर चोथा लगेच टाकत नाहीत. त्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा काढतात. दोन्ही काढे एकत्र आटवले की बोटाला किंचित चिकट लागणारा द्रव हाती येतो.

त्यात तीन-चार पट अल्कोहोल ओतलं की काढा गढूळ होतो. भांडं रात्रभर थंडीत ठेवलं, तर तळाशी पिंजलेल्या कापसासारखा साका बसतो. पाण्यात विरघळणाऱ्या या लांब साखळ्यांच्या शर्करांना अल्कोहोल मानवत नाही, म्हणून त्या बाहेर पडतात. अर्थात त्यांच्यासोबत थोडी प्रथिनंही येतात. ती वेगळी काढावी लागतात.

शिताकेतून लेंटिनान हे बीटा-ग्लुकान वेगळं केल्याचं जपानच्या गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये जाहीर केलं. 1985 मध्ये जपानने जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला ते वापरायला मान्यता दिली. पण ते दिलं जातं शिरेतून, शुद्ध स्वरूपात. शिताकेचं सूप प्यायलं म्हणजे तेच औषध घेतलं, असं मुळीच नाही. जाहिराती नेमकं हेच गाळतात.

(दृश्य: पांढरी, झालरीसारखी लायन्स मेन अळंबी)

आता ही लायन्स मेन. हिच्यातली हेरिसेनोन ही संयुगं पाण्याला फारशी दाद देत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. 1991 मध्ये हिरोकाझु कावागिशी आणि सहकाऱ्यांनी ती वेगळी केली. चेतापेशींच्या वाढीला लागणारं एक प्रथिन या संयुगांमुळे जास्त तयार होतं, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं. पेशींवर, हे लक्षात असू द्या. याच अळंबीतली एरिनासिन ही संयुगं मात्र मायसेलियममध्ये, म्हणजे बुरशीच्या तंतुजालात सापडली. अळंबी तीच, पण कुठला भाग घेतला आणि कशात भिजवला, यावर बाटलीत काय येणार ते ठरतं.

म्हणून काही जण दोन्ही अर्क काढून एकत्र करतात. इथे एक मेख आहे. मिश्रणात अल्कोहोल जास्त झालं, तर पाण्याने कष्टाने सोडवलेल्या शर्करा पुन्हा साका होऊन तळाशी जातात. बाटली न हलवता वरचंच घेतलं, तर त्या तळाशीच राहतात.

(दृश्य: पुडीवर आयोडीनचा थेंब)

धान्यावर वाढवलेलं मायसेलियम धान्यासकट दळलं की पुडीत स्टार्च येतो. स्टार्चही पॉलिसॅकराइडच, म्हणजे लांब साखळीची शर्कराच, त्यामुळे लेबलवर ‘पॉलिसॅकराइड’चा आकडा छान फुगतो. आयोडीनचा थेंब टाकला, की पूड निळी-काळी पडते. बीटा-ग्लुकान असा रंग देत नाही. म्हणून लेबलवर बीटा-ग्लुकानचा आकडा वेगळा दिलाय का, ते बघावं.

आणखी एक गोष्ट. अळंबी ज्यावर वाढते त्यातलं कॅडमियम, शिसंही शोषून घेते. अर्काच्या प्रत्येक खेपेची जड धातूंसाठी तपासणी लागते, ती यामुळेच. शिवाय कच्ची किंवा अर्धकच्ची शिताके खाल्ल्यावर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात, आणि त्यामागे लेंटिनानच असल्याचं मानलं जातं. नीट शिजवलेल्या शिताकेने हा त्रास सहसा होत नाही.