पिरोटन, आपल्याच गुजरातचं एक बेट

नमस्कार मंडळी! बडोद्यातल्या मराठी घरातलं प्रत्येक पोर कधी ना कधी कमाटीबागेच्या म्युझियममधे त्या ब्लू व्हेलच्या सांगाड्यासमोर तोंड उघडं टाकून उभं राहिलेलं असतं, 1944 मधे मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला तो देवमासा. पण आपल्या समुद्रात आज जिवंत काय आहे असं विचारलं तर गाडी द्वारका-सोमनाथ-दीवच्या पुढे जात नाही, म्हणून आज मी पिरोटनबद्दल बोलणारे.

जामनगरजवळ कच्छच्या आखातात बरीच लहान लहान बेटं आहेत, त्यातली 42 बेटं मरीन नॅशनल पार्कमधे येतात. 1982 सालचं हे पार्क, देशातलं पहिलं. पिरोटन त्यातलंच, जेमतेम तीन चौरस किलोमीटर, एक दीपस्तंभ, तिवरांची दाट झाडी आणि भोवती प्रवाळाचा खडक. भरतीला बोटीतून बघितलं तर वाटेल, एवढं काय आहे इथे! पण ओहोटी लागली की पाणी लांबच लांब मागे जातं आणि खडकांवर साचलेल्या डबक्यांमधे ऑक्टोपस, पफर फिश, समुद्रफुलं, खेकडे, सगळा संसार उघडा पडतो, आणि ते खेकडे टिपायला पक्षी येऊन उतरतात. पाण्यात बुडी न मारता, पायी फिरून जिवंत प्रवाळ बघायला मिळावं हे फार कमी ठिकाणी घडतं हो.

आता इथलं प्रवाळ टीव्हीवर दिसतं तसं लाल-निळं नाही, बरंचसं तपकिरी, हिरवट. पण मला त्याचं फार कौतुक वाटतं. एकतर आखाताचं पाणी खारट, उन्हाळ्यात तापतं, थंडीत गार पडतं, वर गाळ. प्रवाळातल्या जिवांच्या शरीरात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं त्या जिवाला देतं, म्हणजे पाणी गढूळ झालं की ऊन पोचत नाही आणि बिचारं उपाशी राहतं. एवढं असूनही इथे पन्नासच्या आसपास जाती टिकून आहेत! जे नाजूक, फांद्या फुटणारं प्रवाळ एकेकाळी इथे होतं त्याचे मात्र मेलेले अवशेषच सापडतात.

याला आपणच जबाबदार आहोत. जळणासाठी आणि गुरांच्या चाऱ्यासाठी किनाऱ्यावरची तिवरं तोडली, सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली. तिवराची मुळं गाळ धरून ठेवतात, ती गेली की तोच गाळ प्रवाळावर जाऊन बसतो, म्हणून नुसतं प्रवाळ वाचवू आणि तिवरांचं नंतर बघू असं चालतच नाही.

आणि बडोदेकरांनो, हा समुद्र आपल्याला परका नाहीये. द्वारकेच्या आसपासचा ओखामंडळ हा भाग गायकवाडांच्या राज्यात होता, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल नावाच्या तज्ज्ञाकडून तिथल्या समुद्रजीवांचा अभ्यास करून घेतला गेला, मोत्यांच्या शिंपल्यांपासून शंखांपर्यंत. त्याचे अहवाल बडोदा सरकारसाठी 1909 आणि 1916 मधे छापले गेले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या राज्याला हे महत्त्वाचं वाटलं होतं, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

पिरोटनला पर्यटकांना सोडत नाहीत तेव्हा लोक नाराज होतात. मी म्हणते, अजिबात सोडू नका! एवढ्याशा खडकावर शेकडो पाय पडले तर उरणार काय? त्यापेक्षा वाडीनारजवळ नरारा आहे, तिथे किनाऱ्यावरूनच चालत आत जाता येतं. वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढा आणि गाईडला सोबत घेऊनच आत शिरा. निघायच्या आधी त्या दिवसाची ओहोटीची वेळ बघा, रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, काल कुणी गेलं होतं त्याची वेळ आज चालत नाही. पायात घट्ट बूट घाला, चप्पल नको. एखादा दगड गाईडने उलटून दाखवला तर तो परत जसा होता तसाच ठेवलाय ना बघा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात. पोरांच्या खिशात शिंपले, प्रवाळाचे तुकडे काही नको, प्रवाळाला तर वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. आणि गाईड म्हणाला चला मागे, की लगेच वळा, तिथे पाणी फार भरभर चढतं.