रॅलीत टीम सोडली म्हणजे गद्दारी नाही

(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. ड्रायव्हरनं टीम बदलली की आपल्याकडे लगेच सुरू होतं, पैशासाठी गेला, याला निष्ठा म्हणून काही नाहीच. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही तेच आज सांगायचंय. इथे समोर पिथमपूरला नोकरी करणारे बरेच जण बसलेत. तिथे एका कंपनीतून दुसरीत गेलेल्या इंजिनियरला आपण गद्दार म्हणतो का? पेढे मागतो. मग रॅली ड्रायव्हर सेबास्तियाँ ओजिएला वेगळा न्याय का?

ओजिएचंच बघा. २०११ मधे तो सित्रोएनकडे होता आणि टीममधेच सेबास्तियाँ लोब होता, ज्यानं २००४ ते २०१२ सलग नऊ वेळा वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, सगळ्या सित्रोएनमधून. जर्मनीच्या रॅलीत ओजिएला सांगितलं गेलं की लोबच्या मागे रहा, वेळेत त्याच्या पुढे जायचं नाही. नंतर लोबचं टायर गेलं आणि ओजिए जिंकला, आणि जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर मनातलं बोलून मोकळा झाला. वर्ष संपल्यावर तो फोक्सवॅगनकडे गेला, तिथे पोलो अजून तयारच नव्हती, आख्खं २०१२ त्यानं छोट्या श्कोडामधे काढलं. ज्याला फक्त पैसा आणि ट्रॉफी पाहिजे तो असं वर्ष घालवेल का? २०१३ ते २०१६ चारही वर्षं तो चॅम्पियन झाला, टीमही चारही वर्षं चॅम्पियन.

आणि मग नोव्हेंबर २०१६ ला फोक्सवॅगननं जाहीर केलं की आम्ही थांबतो. डिझेलच्या प्रदूषणाचं प्रकरण त्याआधी वर्षभर गाजत होतं, कंपनीला पैसा आणि लक्ष दुसरीकडे लावायचं होतं. २०१७ ची गाडी जवळजवळ तयार होती, ती कधी वर्ल्ड रॅलीत धावलीच नाही. ओजिए, लात्वाला, मिकेल्सन हे टीमचे तिन्ही ड्रायव्हर सीझन संपता संपता बिनसीटचे झाले. आता सांगा, कोणी कोणाला सोडलं? ड्रायव्हर गेला की फॅन लोक चिडतात पण आख्खी कंपनी उठून गेली तर त्याला बिझनेस डिसिजन म्हणतात, हा दुटप्पीपणा मला खरंच खुपतो. ओजिए मग माल्कम विल्सन यांच्या एम-स्पोर्टकडे गेला, इंग्लंडच्या कंब्रियातली टीम, फोर्डच्या गाड्या चालवते पण मोठ्या कंपनीसारखा पैसा नाही, आणि तिथे २०१७ ची पहिलीच रॅली, माँटे कार्लो, जिंकली. त्या वर्षी टीमही चॅम्पियन.

अर्थात दुसरी बाजू आहे, ती लपवायची नाही. २०१९ ला तो परत सित्रोएनकडे आला, गाडी जमली नाही, वर्षाअखेर निघाला, आणि त्याच्या जाण्याचं कारण देत सित्रोएननं प्रोग्रॅमच बंद केला. टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरची, एसापेक्का लाप्पीची, सीट गेली, मेकॅनिकांचं काय झालं असेल ते वेगळंच. एका माणसाच्या निर्णयाचं वजन इतकं असतं. तरीही मी म्हणेन की एका ड्रायव्हरवर जी टीम उभी असते तिचा पाया आधीच कच्चा असतो.

मग रॅलीत निष्ठा असते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, शेजारच्या सीटवर, म्हणजे वळणांच्या नोट्स वाचणाऱ्या को-ड्रायव्हरकडे, आणि सर्व्हिस पार्कमधे, जिथे मेकॅनिक गाड्या दुरुस्त करतात.

स्पेनचा रॅली ड्रायव्हर कार्लोस साइन्झ घ्या. टोयोटा, लॅन्सिया, सुबारू, फोर्ड, परत टोयोटा, परत फोर्ड, इतक्या वेळा टीम बदलली, आणि इतकी वर्षं शेजारी एकच माणूस, लुईस मोया. १९९८ ची ब्रिटनची रॅली, सीझनची शेवटची, शेवटची स्टेज म्हणजे वेळ मोजला जाणारा शेवटचा टप्पा, फिनिश काहीशे मीटरवर आणि टायटल जवळजवळ हातात, तेवढ्यात कोरोलाचं इंजिन गेलं. ती क्लिप तुम्ही पाहिली असेल, मोया उतरतो, मागच्या काचेवर हेल्मेट फेकून मारतो, काच फुटते. टायटल साइन्झचं जात होतं पण ते मोयाचंही तेवढंच होतं हे त्या एका फेकीत दिसतं. तिकडे टायटलसाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी मॅकिनेन स्वतः रॅलीतून बाहेर पडून हरलो म्हणून बसला होता आणि घरबसल्या चॅम्पियन झाला!

हीही जोडी तुटते हो. लोब आणि त्याचा को-ड्रायव्हर डॅनियल एलेना इतकी वर्षं बरोबर होते, २०२१ ला वेगळे झाले, आणि एलेनाला ते फार लागलं. ह्युंदाईचा ड्रायव्हर न्यूव्हिल आणि त्याचा को-ड्रायव्हर जिलसूलही त्याच वर्षी माँटे कार्लोच्या अगदी तोंडावर वेगळे झाले. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, टीम बदलल्यावर वाटत नाही इतकं.

सर्व्हिस पार्कचं सांगतो. दिवसाच्या शेवटी मेकॅनिकांना ४५ मिनिटं मिळतात, वर प्रत्येक मिनिटाला १० सेकंद पेनल्टी. गियरबॉक्स, सस्पेन्शन, सगळं त्यात. स्टेजच्या मधल्या रस्त्यावर बाहेरचं कोणी हात लावू शकत नाही, ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर गाडीत असलेल्या हत्यारांनी जे करतील ते. २०१४ ला जर्मनीत न्यूव्हिलनं रॅलीच्या आधीच शेकडाउनमधे, म्हणजे गाडी तपासायच्या सराव फेरीत, ह्युंदाई द्राक्षाच्या मळ्यात पलट्या खात घातली. गाडीचा पार चुराडा. मेकॅनिकांनी ती परत उभी केली आणि त्याच गाडीनं रविवारी ह्युंदाईला वर्ल्ड रॅलीतला पहिला विजय मिळवून दिला. न्यूव्हिल त्यानंतर तिथेच राहिला, पाच वेळा रनर-अप झालेला माणूस शेवटी २०२४ ला चॅम्पियन झाला. का राहिला असेल याचं उत्तर मला त्या मेकॅनिकांच्या हातात दिसतं. पण आपण एकमेकांना फॉरवर्ड करतो ती क्लिप कोणती? गाडी उलटल्याची.

इथे टीव्हीचा मुद्दा येतो. रॅली टीव्हीला कधीच सोपी नव्हती, स्टेडियम नाही, गाड्या दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं एकेक सुटतात, तीन दिवसात तीनएकशे किलोमीटर स्टेज, तेही जंगलात नाहीतर डोंगरात. पूर्वी केबलवर हायलाइट्स यायचे, त्यात पलट्या, उड्या आणि पोडियम. २०११ ला पॉवर स्टेज आली, शेवटची स्टेज, जादा पॉइंट, टीव्हीवर लाइव्ह दाखवता यावी म्हणून. २०१८ पासून ऑल लाइव्ह सुरू झालं, प्रत्येक स्टेज, हेलिकॉप्टर, गाडीतला कॅमेरा, सगळं. याचा मला फार आनंद आहे कारण गाडीतल्या कॅमेऱ्यामुळे पहिल्यांदा को-ड्रायव्हरचा आवाज सलग ऐकू यायला लागला, वळण येण्याआधी वळण सांगणारा, श्वास न चुकवणारा.

पण स्टेज संपल्यावर मायक्रोफोन खिडकीतून आत जातो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच तोंडासमोर. हेल्मेट अजून डोक्यावर, घाम, टाइम कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात चाललंय, आणि प्रश्न काय तर पुढच्या वर्षी कुठे? त्याच्या तोंडून अर्धं वाक्य निघालं की संध्याकाळपर्यंत तो फितूर झालेला असतो.

टीम ऑर्डरचंही तसंच. १९९५, स्पेनमधली कातालुन्याची रॅली, सुबारूचे कॉलिन मॅक्रे आणि साइन्झ. मॅक्रेला सांगितलं की साइन्झला जिंकू दे, तो ऐकेना, शेवटी टाइम कंट्रोलवर, म्हणजे गाडीची वेळ नोंदवतात तिथे, उशिरा चेक-इन करून एक मिनिटाची पेनल्टी घ्यायला लावली. नुसता निकाल वाचला तर यातलं काही कळत नाही, टाइम कंट्रोलवर कॅमेरा असेल तर सगळं कळतं. पुढची रॅली मॅक्रेनं जिंकली, २७ व्या वर्षी चॅम्पियन झाला, आणि साइन्झ फोर्डकडे निघून गेला. त्यानं काय चुकीचं केलं?

आता आपल्याकडचं. गौरव गिल २०१३, २०१६ आणि २०१७ असा तीनदा एशिया-पॅसिफिक चॅम्पियन झाला, २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. २०१६ ला त्याच्या शेजारी ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकनील होता, हे नाव आपल्यातल्या कितीजणांना माहिती आहे? आपल्या नॅशनल रॅलीचं जे काही दिसतं ते बहुतेक धूळ, उड्या आणि वर जोरात म्युझिक. म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या सीझनला ज्यांच्याकडे दाखवायचे हक्क असतील त्यांना आपण मिळून लिहूया, म्युझिक काढा, नोट्स ऐकू द्या, स्क्रीनवर दोघांची नावं सारख्या अक्षरात टाका, आणि सर्व्हिस पार्कला शेवटपर्यंत एक कॅमेरा ठेवा. मसुदा मी करतो, सह्या करायला कोण कोण येतंय ते चहाच्या वेळी सांगा.