कोरड्या विहिरीतले आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या पश्चिमेला एक सुपीक मैदान आहे. तिथल्या एका लहानशा गावात दोन घरे एकमेकांना भिंतीला भिंत लावून उभी होती आणि दोघांच्या मध्ये एक सामाईक विहीर होती. विहिरीला पाणी नव्हते. एका घरात राहणाऱ्या आपल्या आप्तांकडे आलेला एक मुलगा त्या कोरड्या विहिरीत उतरायचा आणि पलीकडच्या घरातल्या, सदैव काळा पोशाख घालणाऱ्या बायकांचे बोलणे कान देऊन ऐकायचा. मोठेपणी त्याने ही आठवण आपल्या एका मित्राला सांगितली आणि त्या मित्राने ती लिहून ठेवली. आठवणीत कल्पनेची थोडी भर पडली असेलही. परंतु या मुलाने पुढे जी नाटके लिहिली, ती वाचताना आपणही अशाच एका विहिरीत उतरून कान लावून बसलो आहोत, असे मला नेहमी वाटत आले आहे. फेदेरिको गार्सिया लोर्का हे त्या मुलाचे नाव. आजच्या भाषणात मी त्याच्याविषयी, आणि विशेषतः त्याने ऐकलेल्या माणसांचे त्याच्या नाटकांत काय झाले याविषयी बोलणार आहे.

लोर्काचा जन्म ५ जून १८९८ रोजी ग्रानादाजवळच्या फ्वेन्ते वाकेरोस या गावी झाला. त्याच वर्षी स्पेनने क्यूबा गमावला, तिथून येणारी उसाची साखर महागली आणि ग्रानादाच्या मैदानात साखरेच्या बीटची लागवड जोरात वाढली. बीटच्या या तेजीत ज्यांचे भाग्य उजळले, त्या जमीनदारांपैकी एक लोर्काचे वडील होते. आई शाळेत शिक्षिका होती. घरात पैसा होता, पुस्तके होती, पियानो होता. पण भाषा मात्र लोर्काला घरात काम करणाऱ्या बायकांकडून मिळाली. त्यांची अंगाईगीते, त्यांच्या कहाण्या, गावातल्या वैराच्या आणि बदनामीच्या हकिकती या शिदोरीवर तो जन्मभर जगला, आणि हे ऋण त्याने पुढे आपल्या भाषणांतून उघडपणे मान्यही केले. लिहिण्याआधी तो संगीताकडे वळला होता. १९२२ साली मानुएल दे फाया या थोर संगीतकाराच्या साथीने त्याने ग्रानादातल्या आल्हाम्ब्रा राजवाड्याच्या परिसरात आन्दालुसियाच्या प्राचीन लोकगायनाची स्पर्धा भरवली. त्याच्या नाटकांतली गाणी मध्येच घुसडलेली वाटत नाहीत, त्याचे कारण त्याच्या या संगीताच्या तालमीत आहे.

त्याच्या पहिल्या नाटकाचे मात्र हसे झाले. १९२० साली माद्रिदमध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात एक झुरळ फुलपाखराच्या प्रेमात पडते, आणि पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी आरडाओरडा करून ते बुडवले. या अपयशाने तो खचला नाही. ग्रानादाच्या स्वातंत्र्यवादी मारियाना पिनेदाला १८३१ साली देहदंड झाला होता; तिच्यावर त्याने लिहिलेले नाटक १९२७ साली बार्सिलोनात मार्गारिता शिर्गू या श्रेष्ठ अभिनेत्रीने केले आणि त्याचे नेपथ्य चित्रकार साल्वादोर दालीने चितारले. शिर्गूचे नाव, श्रोतेहो, लक्षात असू द्यावे. शेवटी आपल्याला पुन्हा तिच्याकडेच यायचे आहे. १९२८ मध्ये त्याचा जिप्सी गीतांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि तो देशभर लोकांच्या ओठी गेला.

त्याच १९२८ च्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रांतून एक बातमी आली. आल्मेरिया प्रांतात, नीहार गावाच्या रखरखीत माळावर एका शेतवाडीत लग्न ठरले होते. लग्नाच्या आदल्या रात्री नवरी आपल्या चुलतभावाबरोबर पळून गेली, वाटेत त्यांना गाठण्यात आले आणि नवऱ्या मुलाच्या भावाने त्या चुलतभावाला गोळी घालून ठार केले. नवरी जखमी झाली, पण वाचली. लोर्काने ही बातमी वाचली आणि चार वर्षे ती मनात मुरू दिली. १९३२ साली त्याने नाटक लिहायला घेतले, तेव्हा ते फार थोड्या दिवसांत लिहून झाले. त्याच्या नावाचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘रक्ताचे लग्न’. ८ मार्च १९३३ रोजी माद्रिदच्या बेआत्रीस नाट्यगृहात ते प्रथम रंगमंचावर आले.

बातमीचे नाटक करताना लोर्काने काय काढून टाकले, हे पाहण्यासारखे आहे. बातमीत माणसांना नावे होती, गावाला नाव होते, हुंड्यावरून झालेले कुटुंबातले डावपेच होते. नाटकाच्या पात्रयादीत मात्र नवरा आहे, नवरी आहे, आई आहे, सासू आहे. एकालाही स्वतःचे नाव नाही. नाव एकाच माणसाला दिले आहे, लेओनार्दोला, आणि तो नवरीला पळवून नेणारा आहे. ज्या घराण्याने नवऱ्या मुलाच्या बापाचा आणि थोरल्या भावाचा जीव घेतला, त्या घराण्याचा तो वारस. बाकीची माणसे सोयरिकीच्या नात्यांत इतकी घट्ट बसवलेली आहेत की नाते हीच त्यांची ओळख झाली आहे. जो ते नाते मोडतो, त्यालाच नाटककार नावाने हाक मारतो. लोर्काने हे कुठे स्पष्ट करून सांगितलेले नाही, पण नाटकाचा सारा ताण मला या एका निवडीत एकवटलेला दिसतो.

बातमीतली बंदूकही त्याने ठेवली नाही. तिच्या जागी सुरी आली, आणि ती नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात आली. मुलगा द्राक्षे कापण्यासाठी सुरी मागतो आणि आई त्या शब्दानेच शहारते. जिचा नवरा आणि मुलगा हत्याराने गेले, तिला घरातली साधी सुरीही उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. तिसऱ्या अंकात ही सारी माणसे रात्रीच्या रानात शिरतात आणि तिथे लोर्का वास्तवाचा बांध फोडून टाकतो. चंद्र तरुण लाकूडतोड्याच्या रूपाने रंगमंचावर येतो, रक्ताच्या उबेसाठी आसुसतो. मृत्यू भिकारणीच्या वेषात त्याच्याशी हातमिळवणी करतो. दोन्ही पुरुष एकमेकांच्या हातून मरतात, तेही पडद्याआड. आपल्याला ऐकू येतात त्या फक्त दोन किंकाळ्या. अखेरीस आई बोलते ते हातात जेमतेम मावणाऱ्या एका लहानशा सुरीविषयी. हे नाटक पुढे ब्वेनोस आयरेसमध्ये शंभराहून अधिक प्रयोगांपर्यंत चालले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोर्का लेखणीवर स्वतःचे पोट भरू लागला.

याच काळात तो आणखी एका कामात बुडून गेला होता, आणि माझ्या मते त्याची नाटके समजून घेण्यासाठी या कामाइतके मोलाचे दुसरे काही नाही. १९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले. नव्या सरकारच्या अनुदानावर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे एक फिरते नाट्यपथक उभे राहिले. ‘ला बार्राका’ हे त्याचे नाव, आणि एदुआर्दो उगार्ते याच्यासह लोर्का त्याचा दिग्दर्शक. ट्रकमध्ये फळ्या, पडदे आणि दिवे भरायचे, गावाच्या चौकात रंगमंच उभारायचा आणि ज्यांनी जन्मात नाटक पाहिले नाही त्यांना सेर्वान्तेस, लोपे दे वेगा आणि काल्देरोन या जुन्या स्पॅनिश लेखकांची नाटके दाखवायची, असा हा उद्योग होता. मुलेमुली कामगारांसारखा निळा पोशाख घालत, मानधन घेत नसत, आणि खेळाला तिकीट नसे. पहिला प्रयोग जुलै १९३२ मध्ये बुर्गो दे ओस्मा इथे झाला. काल्देरोनच्या धार्मिक नाटकात लोर्का स्वतः काळ्या बुरख्यात ‘छाये’ची भूमिका करी.

लोपे दे वेगाचे ‘फुएन्तेओवेहुना’ हे नाटक या पथकाने गावोगाव केले. जुलमी सरदाराला गावकरी ठार मारतात, चौकशीसाठी न्यायाधीश येतो, माणसांना यातना देतो आणि मारेकऱ्याचे नाव विचारतो. त्यावर म्हातारी माणसे, बाया, पोरे सगळ्यांचे उत्तर एकच येते, ‘फुएन्तेओवेहुना’, म्हणजे त्यांच्या गावाचे नाव. मूळ नाटकात शेवटी राजाराणी येऊन न्याय देतात. लोर्काने राजाराणीचा तो भाग गाळला आणि पात्रांना समोर बसलेल्या शेतकऱ्यांसारखेच कपडे चढवले. तीनशे वर्षांपूर्वीच्या नाटकातले गाव त्यामुळे प्रेक्षकांचेच गाव झाले. उजव्या विचारांच्या वर्तमानपत्रांना हे पथक खुपू लागले, यात नवल नाही.

१९३४ च्या डिसेंबरात ‘येर्मा’ रंगभूमीवर आले आणि त्यातली मुख्य भूमिका शिर्गूने केली. स्पॅनिशमध्ये ओसाड, पडीक जमिनीला जो शब्द आहे, त्यावरून लोर्काने हे नाव घडवले. म्हणजे इथे पात्राला नाव मिळाले, तेही शेताचे. मूल व्हावे म्हणून तळमळणारी ही बाई, मूल नसल्याचे काहीच न वाटणारा तिचा नवरा, आणि तिच्यावर पहारा ठेवायला घरात आणून बसवलेल्या त्याच्या दोघी अविवाहित बहिणी, एवढ्यावर सारे नाटक उभे आहे. गावची म्हातारी तिला दुसरी वाट सुचवते, पण येर्मा ती नाकारते, कारण जी अब्रू तिला गुदमरवते आहे तिच्यावर तिची स्वतःचीही श्रद्धा आहे. मराठी रंगभूमीवर हे नाटक ‘चांगुणा’ या नावाने आले. श्रियाळ-चांगुणेची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्या मराठी प्रेक्षकाला हे नाव कानी पडताच चिलया आठवतो आणि आईपणाची सगळी वेदना पडदा उघडण्याआधीच जागी होते. स्पॅनिश शेताच्या जागी मराठी कहाणी ठेवणाऱ्याने मूळ नाटक किती खोलवर वाचले असेल, हे त्या एका शब्दावरून कळते.

आता पुन्हा त्या विहिरीकडे वळू. १९ जून १९३६ रोजी लोर्काने ‘बर्नार्दा आल्बाचे घर’ लिहून पूर्ण केले. या नाटकात सगळी पात्रे स्त्रिया आहेत. साठ वर्षांची बर्नार्दा दुसऱ्या नवऱ्याचे दफन करून घरी येते आणि आठ वर्षांचे सुतक जाहीर करते. या काळात रस्त्यावरचा वाराही घरात येता कामा नये, अशी तिची आज्ञा आहे. पाच मुली आहेत, थोरली एकोणचाळीस वर्षांची आणि धाकटी आदेला वीस वर्षांची. थोरलीला वडिलांकडून मालमत्ता मिळाली आहे, म्हणून तिलाच स्थळ येते. आणि ज्याचे स्थळ येते तो पेपे एल रोमानो आदेलाच्या मनात आणि पुढे मिठीत आहे. हा पुरुष अख्ख्या नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही. त्याच्या घोड्याच्या टापा, खिडकीपाशी रात्री उशिरापर्यंत चाललेले बोलणे, त्याच्या चोरलेल्या तसबिरीवरून झालेले भांडण यांतून तो घरभर पसरतो. प्रेक्षक जे समजतो ते त्या मुलाप्रमाणे कानांनी समजतो.

त्या शेजारच्या घरातल्या बाईचे आडनाव खरोखरच आल्बा होते, आणि लोर्काने या एका नाटकात ते तसेच ठेवले. आडनाव बदल, अशी त्याच्या आईने त्याला विनवणी केली होती, असे सांगतात. प्रत्यक्षातल्या घरात पुरुषही होते आणि ती बाई १९२४ सालीच वारली होती. नाटकातल्या क्रूर विधवेचा तिच्यावर शिक्का बसावा, हे तिच्या कुटुंबाला लागले असेल तर त्यांचा राग मला रास्त वाटतो. आपली कला कोणाच्या तरी अंगणातून आणलेली असते, याची किंमत लेखकाने नाही, तर त्या अंगणातल्या माणसांनी मोजलेली असते. तरीही आपल्याकडे गोविंद निहलानी यांनी ‘रुक्मावती की हवेली’ या चित्रपटात हेच घर राजस्थानात नेले, तेव्हा त्याची एकही वीट परकी वाटली नाही.

हे नाटक लिहून झाल्यावर लोर्का दोन महिने जगला. मित्र नको नको म्हणत असताना जुलैच्या मध्यावर तो माद्रिदहून ग्रानादाला घरी गेला. चारच दिवसांत लष्करी बंड सुरू झाले आणि २० जुलैला ग्रानादा बंडखोरांच्या हाती पडले. त्याचा मेहुणा शहराचा महापौर होता. त्याला १६ ऑगस्टला गोळी घातली आणि त्याच दिवशी, एका मित्राच्या घरी लपलेल्या लोर्काला पकडून नेले. डाव्या विचारांच्या लोकांशी त्याची मैत्री, त्याची नाटके, ‘ला बार्राका’, आणि त्याचे समलिंगी असणे, या सगळ्यांवर बंडखोरांचा राग होता. पुढच्या दोनतीन दिवसांत, विस्नार आणि आल्फाकार या गावांच्या दरम्यान, एका शाळामास्तरासह आणि बैलझुंजीतल्या दोघा माणसांसह त्याला ठार करण्यात आले. तो अडतीस वर्षांचा होता. २००९ मध्ये तिथे उत्खनन झाले, पण अस्थी मिळाल्या नाहीत. आजही त्याच्या नावाची कबर कुठेही नाही.

‘बर्नार्दा आल्बा’चे हस्तलिखित मात्र उरले. बंडातून पेटलेले यादवी युद्ध जिंकून बंडखोरच सत्तेवर आले होते, म्हणून स्पेनमध्ये ते होऊ शकत नव्हते. हद्दपारीत जगणाऱ्या मार्गारिता शिर्गूने ते ८ मार्च १९४५ रोजी ब्वेनोस आयरेसच्या आवेनिदा नाट्यगृहात प्रथम सादर केले. बर्नार्दा ती स्वतः झाली. बर्नार्दाच्या तोंडचा पहिला शब्द आहे ‘गप्प’, आणि आदेलाने गळफास घेतल्यावर, कोणी रडता कामा नये अशी ताकीद देऊन, ती जो शेवटचा शब्द उच्चारते तोही ‘गप्प’. त्या शब्दावर पडदा पडला. मग शिर्गू प्रेक्षकांसमोर आली आणि म्हणाली की, हे नाटक इथे व्हावे अशी त्याची इच्छा होती आणि ती पुरी झाली, पण आज इथे हजर राहण्याचीही त्याची इच्छा होती. आणि तिने युद्धाला शाप दिला.